न्यूपोर्ट, ७ जुलै १९५६ : ड्यूक एलिंग्टनची साथ

सांजधून
शुक्रवार, रात्री ११.४०

गेला आठवडाभर रोज रात्री ओटा पुसून झाला की हेडफोन लावते आणि एकच तुकडा ऐकते. ड्यूक एलिंग्टन या अमेरिकी पियानोवादकाच्या वाद्यवृंदाने १९५६ साली न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात वाजवलेला ‘डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू’. चौदा मिनिटांहून थोडा मोठा. मी शिकले ख्याल, त्यामुळे मोजायची सवय बोटांच्या पेरांवरच. उजव्या हातावर मात्रा, डाव्या हातावर आवर्तनं. मधल्या टेनर सॅक्सोफोनच्या भागात चार दिवस माझा हिशेब सोळा-सतराच्या आसपास विसकटत होता. काल पहिल्यांदा बरोबर २७ भरली, म्हणून आज लिहायला बसले.

जॅझ न ऐकणाऱ्यांसाठी थोडं सांगते. ब्लूजचा ठरलेला साचा १२ बारांचा. एका बारात ४ मात्रा, म्हणजे एका आवर्तनात ४८. शेवटच्या बारात वळण घेऊन पुन्हा समेवर यायचं. पॉल गोन्साल्विस नावाच्या वादकाने त्या रात्री अशी २७ आवर्तनं सलग वाजवली. १२९६ मात्रा, सहा मिनिटांच्या वर, आणि लय चांगलीच द्रुत.

ही रात्र जॅझवाल्यांच्या तोंडी कायम असते. सांगतात ती गोष्ट अशी की मोडकळीला आलेला एक बुजुर्ग, त्याचा दिवस संपला असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं, आणि एका रात्रीत चमत्कार झाला. गोष्ट खोटी नाही. पण ऐकता ऐकता मला त्यात दुसरंच काही दिसायला लागलंय, ते पुढे सांगते.

एलिंग्टन तेव्हा ५७ वर्षांचा होता. १९२७ पासून हार्लेमच्या कॉटन क्लबात नाव कमावलेला माणूस. पण दुसऱ्या महायुद्धानंतर नाचघरं बंद पडत गेली, पंधरा-सोळा जणांचा ताफा पोसणं कुणाला परवडेना. काउंट बेसीसारख्यालाही १९५० मध्ये आपला मोठा ताफा मोडावा लागला होता (दोन वर्षांनी त्याने तो पुन्हा उभारला). एलिंग्टनने मात्र आपल्या जुन्या गाण्यांच्या मानधनातून पदरमोड करत ताफा चालू ठेवला. १९५१ मध्ये जॉनी हॉजेस, लॉरेन्स ब्राउन आणि ड्रमवाला सॉनी ग्रीअर असे तीन खंदे लोक एकदमच सोडून गेले. १९५५ च्या उन्हाळ्यात तर न्यूयॉर्कजवळच्या फ्लशिंगला एका जलक्रीडेच्या खेळाला साथ करायची वेळ त्याच्यावर आली. ज्याने आयुष्यभर स्वतःचं संगीत लिहिलं, त्याने पाण्यातल्या कसरतींना ठेका धरायचा! हे वाचलं तेव्हा मला खरोखर वाईट वाटलं. त्याच वर्षी हॉजेस परत आला आणि सॅम वुडयार्ड हा नवा ड्रमवाला मिळाला. हा वुडयार्ड लक्षात ठेवा.

न्यूपोर्ट हे ऱ्होड आयलंडमधलं समुद्रकाठचं गाव, बड्या धनिकांच्या उन्हाळी हवेल्यांचं. तिथे १९५४ पासून जॉर्ज वाइन हा महोत्सव भरवत होता, मागे लॉरिलार्ड दांपत्याचा पैसा. १९५६ चा महोत्सव फ्रीबॉडी पार्क या खेळाच्या मैदानावर होता. शनिवारी संध्याकाळी सुरुवातीलाच एलिंग्टनला उभं केलं, तर चार वादक वेळेवर पोचलेलेच नव्हते. राष्ट्रगीत आणि दोन तुकडे वाजवून ताफा खाली उतरला, आणि मग जवळजवळ तीन तास विंगेत बसून राहिला. एकामागून एक बाकीचे वाजवून जात होते. आम्ही काय सर्कशीतले आहोत का, असं तो चिडून म्हणाल्याचं सांगतात. पुन्हा मंचावर आले तेव्हा रात्रीचे पावणेबारा झाले होते. लोक उठून गाड्यांकडे निघाले होते.

महोत्सवासाठी एलिंग्टन आणि त्याचा जोडीदार बिली स्ट्रेहॉर्न यांनी तीन भागांची नवी रचना मुद्दाम बांधली होती. ती वाजली, लोकांनी बरी दाद दिली. मग त्याने काढली १९३७ सालची जुनी जोडरचना, म्हणजे हाच ‘डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू’. त्या काळच्या ७८ च्या तबकडीवर तीन मिनिटांच्या वर मावायचं नाही, म्हणून एका बाजूला उतरता भाग, दुसऱ्या बाजूला चढता. मधली फट गोन्साल्विसच्या टेनरने भरून काढायची, हा प्रयोग त्याने १९५१ मध्ये बर्डलँड क्लबातही केलेला होता. म्हणजे न्यूपोर्टला जे झालं ते आभाळातून पडलेलं नव्हतं. पाच वर्षांपूर्वी पेरलेलं होतं.

सातव्या आवर्तनाच्या सुमाराला मैदानातल्या एका बॉक्समध्ये काळ्या पोशाखातली, सोनेरी केसांची एक बाई उठून नाचायला लागली. मग तिच्या आजूबाजूचे उठले, मग सगळं मैदान. सुमारे सात हजार माणसं. रेकॉर्डवर तो कल्लोळ हळूहळू चढत जाताना नीट ऐकू येतो, पाऊस लांबून पत्र्यांवर येत जावा तसा.

आता मला जे म्हणायचंय ते. या २७ आवर्तनांत एलिंग्टन स्वतः पियानोवर फार काही करतच नाही. सुरुवातीला एखादा स्वरगुच्छ टाकतो, मग हात काढून घेतो आणि नुसता ओरडून उठवत राहतो. उरतात बासवर जिमी वुड, ड्रमवर वुडयार्ड आणि वर टेनर. मैफल त्याची, नाव त्याचं, इभ्रत त्याची पणाला लागलेली. तीन तास ताटकळलेला ५७ वर्षांचा माणूस अशा वेळी काय करेल? स्वतः वाजवून दाखवेल. त्याने धाकट्याला मैदान दिलं आणि बाजूला सरला. मला ही त्या रात्रीची सर्वांत मोठी गोष्ट वाटते. आपल्याकडे याला साथ म्हणतात.

तुम्हाला काय वाटतं? ऐकलं असेल तर लिहा. नसेल ऐकलं तर आधी ऐका.

बारा_मात्रा
शनिवार, सकाळी ७.१५

सुंदर लिहिलंय ताई. मी तबला शिकलो आणि पोटासाठी वीस वर्षं ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवतोय, म्हणून त्या बाजूने थोडी भर.

वुडयार्ड तिथे काय करतोय ते ऐका. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर त्याचा घाव बसतो, दर बारात, न चुकता. नाचणारी माणसं टाळ्या नेमक्या त्याच जागी देतात. जॅझचे जाणकार असा उघडा ठेका थोडा हलका समजायचे, पण त्या रात्री त्यानेच सगळ्यांना उभं केलं. २७ आवर्तनं हा घाव एकाच वजनाने देत राहणं किती अवघड आहे ते वाजवणाऱ्यालाच कळतं. हात भरून येतो. अंगात आलं की लय पळते. इथे ती पळत नाही, आणि तरी दर आवर्तनाला वर चढल्यासारखी वाटते. तबल्यावर कायद्याचे पलटे वाढत जातात पण लय जागची हलत नाही, तसं.

शिवाय मंचाच्या कडेला जो जोन्स होता, काउंट बेसीचा जुना ड्रमवाला. ड्रमच्या जगात त्याचा मान केवढा! तो वर्तमानपत्राची सुरळी करून मंचाच्या कडेवर ठेका आपटत होता आणि ताफ्याला चेतवत होता. दुसऱ्याच्या मैफिलीत एवढा मोठा वादक खाली उभा राहून कागदाच्या सुरळीने ठेका देतो, हे डोळ्यांपुढे आणा. तुम्ही साथ म्हणालात ना, त्यात त्याचंही नाव घ्या.

मांडवीकाठ
शनिवार, सकाळी ९.०२

गोन्साल्विस हे आडनाव वाचून मी चमकलोच. आमच्या गोव्यात घरोघरी आहे. हा आपला गोंयकार का?

सांजधून
शनिवार, सकाळी ९.३०

मांडवीकाठ, मलाही आधी तसंच वाटलं होतं. पॉल गोन्साल्विसचा जन्म अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टनचा, १२ जुलै १९२० चा. म्हणजे न्यूपोर्टच्या त्या रात्रीनंतर पाच दिवसांनी त्याला छत्तीस पूर्ण झाली. आईवडील मुळचे केप व्हर्दे बेटांवरचे. आफ्रिकेच्या पश्चिमेला अटलांटिकमधली ही बेटं तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात होती. राज्यकर्ते एकच, म्हणून आडनावही एकच. एलिंग्टनकडे येण्याआधी तो बेसीकडे आणि डिझी गिलेस्पीकडे वाजवत होता.

मांडवीकाठ
शनिवार, सकाळी १०.१०

म्हणजे चुलतघराणंच म्हणायचं! धन्यवाद.

विषय निघालाच आहे तर लिहितो. पोर्तुगीज काळात आमच्याकडे चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. त्या शिक्षणावर गोव्याचे वादक मुंबई, कलकत्ता, कराचीपर्यंत पोचले. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय अमेरिकी ताफा मुंबईच्या ताजमध्ये वाजवायला आला, पुढे टेडी वेदरफर्ड आला, आणि त्यांचं ऐकून आमची मंडळी जॅझ शिकली. हळदोण्याचा चिक चॉकलेट, ट्रंपेटवाला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं. नेवऱ्याचे ब्राझ गोन्साल्विस, सॅक्सोफोनवाले. आमच्या आजोबांना चिक चॉकलेटचं भारी कौतुक होतं. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’मधल्या त्या ट्रंपेटची धून ते ओठांनी वाजवून दाखवायचे, आणि घरातली सगळी पोरं त्यांच्याभोवती जमायची.

एवढ्या नावांमध्ये हा केप व्हर्देचा गोन्साल्विस मला घरचाच वाटायला लागलाय. आज ऐकतो.

टेपडेक
शनिवार, दुपारी १२.४५

रेकॉर्डची गोष्ट राहिली. ती सांगायलाच हवी, कारण तुम्ही १९५६ ची एलपी ऐकली की १९९९ ची आवृत्ती, यावर तुमच्या कानावर काय पडतं ते ठरतं.

मंचावर दोन वेगवेगळ्या यंत्रणांचे माइक होते. एक कोलंबिया कंपनीचे, दुसरे ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ रेडिओचे. गोन्साल्विस येऊन उभा राहिला तो रेडिओच्या माइकसमोर. त्यामुळे कोलंबियाच्या टेपवर त्याचं टेनर लांबून, पडद्याआडून आल्यासारखं उमटलं. आयुष्यातलं सगळ्यात मोठं वादन, आणि माइक चुकला!

कंपनीचा निर्माता जॉर्ज अवाकियन याने दोन दिवसांनी, ९ जुलैला, ताफ्याला न्यूयॉर्कच्या स्टुडिओत बोलावलं आणि इतर काही तुकडे पुन्हा वाजवून घेतले. त्यांना लोकांचा गलबला वरून जोडला. ती एलपी एलिंग्टनच्या सगळ्या कारकिर्दीत सर्वाधिक खपली. चाळीस वर्षं लोकांनी तेच न्यूपोर्ट समजून ऐकलं.

मग १९९६ मध्ये रेडिओवाल्यांची टेप अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात सापडली. फिल शाप याने दोन्ही टेप जुळवल्या, एक डाव्या कानाला, एक उजव्या. दोन्ही मोनो, पण माइक वेगवेगळ्या जागी असल्याने मिळून खराखुरा स्टिरिओ तयार झाला. १९९९ मध्ये, एलिंग्टनच्या जन्मशताब्दीला, दोन सीडींचा संच आला. गोन्साल्विस पहिल्यांदा जवळून ऐकू आला तो तेव्हा. तोवर त्याला जाऊन पंचवीस वर्षं झाली होती.

मी दोन्ही आवृत्त्या बाळगून आहे. हेडफोनवर शापची ऐका. एका कानात टेनरची हवा, दुसऱ्यात मैदान.

कोमल_निषाद
शनिवार, दुपारी ३.२०

चर्चा फार चांगली चालली आहे, पण मला दोन गोष्टी पटत नाहीत आणि मनापासून लिहितो आहे.

पहिली, ती एलपी. स्टुडिओत वाजवायचं, वर टाळ्या चिकटवायच्या आणि महोत्सवाच्या नावाने विकायचं, ही ऐकणाऱ्याची फसवणूक आहे. आपण कुणा गवयाच्या मैफिलीची ध्वनिफीत घेतली आणि नंतर कळलं की अर्धा ख्याल दुसऱ्या दिवशी बंद खोलीत गायलाय, तर आपल्याला चालेल का?

दुसरी, ही २७ आवर्तनं. मी ती ऐकली, तीनदा. स्वरांच्या दृष्टीने त्यात फार खोल काही नाही. छोटी वाक्यं, त्याच त्या जागा, कोमल गंधारावर रेंगाळणं. याच माणसाची संथ लयीतली गाणी ऐका, काय नाजूक काम आहे! त्याचं नाव मात्र या लांबलचक धावेला चिकटून राहिलं. त्याच्यावर हा अन्यायच झाला असं माझं मत आहे. पुढे आयुष्यभर प्रत्येक गावी लोक त्याच्याकडे तेवढंच मागत राहिले.

सांजधून
शनिवार, संध्याकाळी ६.०५

कोमल_निषाद, दुसऱ्या मुद्द्यातलं शेवटचं वाक्य अगदी खरं आहे आणि ते मी लिहायला हवं होतं. एलिंग्टनही त्याला प्रत्येक मैफिलीत त्यासाठी उभं करत राहिला.

पण खोल काही नाही, हे मला मान्य नाही. खोली स्वरात शोधली तर सापडणार नाही, कारण तो तिकडे गेलेलाच नाही. तो टेनरच्या टिपेला जात नाही, किंचाळत नाही. मधल्या सप्तकात राहून एक वाक्य उचलतो, उलटं करतो, पुढच्या आवर्तनात अर्ध्या मात्रेने सरकवून टाकतो. मी आधी ज्या जागी अडखळत होते ना, सोळा-सतराच्या आसपास, तिथे हेच होतं. वाक्य समेवर संपेल असं वाटतं, ते समेच्या पुढे जाऊन संपतं आणि बोट चुकतं. बोलतानाची लय आहे ती. कीर्तनकार एकदा कथेला लागला की वाक्यामागून वाक्य येत राहतं, एकेकटं घेतलं तर त्यातलं प्रत्येक साधंच असतं.

एलपीबद्दल मात्र तुमच्या बाजूने आहे. नव्या रचनेत सफाई नव्हती म्हणून एलिंग्टनला ती पुन्हा वाजवायची होती, हे समजू शकते. जोडलेल्या टाळ्या नको होत्या.

टेपडेक
शनिवार, संध्याकाळी ६.४०

एक दुरुस्ती सुचवतो. टेनरचा तो लांब भाग जुन्या एलपीवरही मैदानातलाच आहे, फक्त लांबून आलेला. तो त्यांनी स्टुडिओत पुन्हा करायला घेतला नाही. अवाकियनला तेवढं कळत होतं, याचं श्रेय त्याला द्यायला हवं.

जुनी_पायरी
शनिवार, रात्री ९.५०

माझं वय ७४. सवाई गंधर्व महोत्सवाला मी १९६८ पासून जात आलो. तेव्हा रात्रभर चालायचा. थर्मासमधला चहा, अंगावर घोंगडी, आणि पहाटे कुणीतरी ललत किंवा तोडी सुरू करायचं. मध्यरात्रीनंतर बसलेला श्रोता वेगळाच असतो. अर्धे उठून गेलेले असतात, जे उरतात ते घ्यायला उरलेले असतात. पावणेबारा वाजता सुरू झालेली मैफल म्हटल्यावर मला बाकीचं काही समजावून सांगावं लागलं नाही. आता दहाची मर्यादा आली, ते कारणही पटतं, पण ती वेळ गेली.

ताटकळण्याबद्दल एक सांगतो. खूप वर्षांपूर्वी एका गावच्या उत्सवात मी व्यवस्थेत स्वयंसेवक होतो. एका वयस्कर गवयांना आठची वेळ दिली आणि सत्कार, भाषणं, पुन्हा सत्कार करत साडेअकराला बसवलं. ते मागच्या खोलीत तंबोरा मांडीवर घेऊन बसले होते. मी दर अर्ध्या तासाने जाऊन माफी मागत होतो. चौथ्यांदा गेलो तेव्हा म्हणाले, बाळा, माफी नको, तंबोरा उतरतोय, दार लावून घे, वारा येतोय. त्या रात्री ते बागेश्री गायले. राग आला असेल तर तो सगळा त्यांनी तिथे ठेवून दिला होता. त्यामुळे तीन तास विंगेत बसलेला एलिंग्टन मला लांबचा वाटत नाही.

बारा_मात्रा
शनिवार, रात्री १०.२०

जुनी_पायरी काका, अंगावर काटा आला. दार लावून घे, वारा येतोय…

सांजधून
रविवार, सकाळी ८.१५

काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. नमस्कार.

तुमच्या लिहिण्यावरून एक राहिलेलं आठवलं. टेनर संपल्यावर चढता भाग येतो, शेवटी कॅट अँडरसनची ट्रंपेट पार आभाळाला भिडते, आणि मग मैदान आवरेना. आयोजक घाबरले. दंगल होईल, बंद करा, म्हणून जॉर्ज वाइन मंचावरून खुणा करत होता. एलिंग्टनने त्याला कलावंतांशी नीट वागा असं सुनावलं आणि थांबला नाही. कारण एकदम तोडलं असतं तर खरंच दंगल झाली असती. त्याने जॉनी हॉजेसला पुढे केलं. हॉजेसचं आल्टो सॅक्सोफोन म्हणजे मधाची धार. दोन संथ तुकडे. लोक हळूहळू बसले, श्वास खाली आले. मग रे नान्सचं गमतीचं गाणं, मग वुडयार्डचं लांबलचक ड्रमवादन, आणि निरोपाला ‘मूड इंडिगो’चा सूर मागे ठेवून बोलत बोलत त्याने सात हजार माणसांना घरी पाठवलं.

पेटवता पुष्कळांना येतं. एवढा जमाव शांत करून झोपायला पाठवणं, तेही वाद्यांनी! तीस वर्षं नाचघरात माणसं बघितल्याशिवाय हे येत नाही. पुढच्या महिन्यात, २० ऑगस्टला, ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर त्याचं चित्र आलं. माझा जन्म न्यूपोर्टला १९५६ मध्ये झाला, असं तो पुढे सांगत असे.

चार्ल्सकाठ
रविवार, सकाळी १०.३०

मी बॉस्टनला राहतो, न्यूपोर्ट इथून गाडीने दीड-दोन तासांवर. महोत्सव आता बंदरावरच्या फोर्ट ॲडम्सला भरतो, १९८१ पासून. मधल्या काळात तो न्यूपोर्टबाहेरही गेला होता. १९६० मध्ये बाहेर दंगा झाला, १९७१ मध्ये कुंपण मोडून लोक आत घुसले, त्यानंतर वाइनने तो न्यूयॉर्कला हलवला.

गेल्या उन्हाळ्यात मुलीला घेऊन गेलो तेव्हा मुद्दाम फ्रीबॉडी पार्क शोधलं. टेनिसच्या जुन्या क्लबाच्या मागे आहे. साधं खेळाचं मैदान. पोरं बेसबॉल खेळत होती. आपण कल्पनेत केवढं मोठं धरलेलं असतं, आणि समोर गवत, जाळी, घरांच्या मागच्या भिंती. मंच नेमका कुठे होता ते मला कळलं नाही. मुलीने विचारलं, बाबा, इथे काय झालं होतं? फोनवर तोच तुकडा लावला आणि आम्ही कडेच्या बाकावर बसून पूर्ण ऐकला. मधेच तिचा पाय हलायला लागला.

मांडवीकाठ
रविवार, दुपारी १२.१०

ऐकलं! तीनदा. आज घरातलं जेवण लांबलं.

एक प्रश्न. एलिंग्टन मुंबईला येऊन गेला होता असं आजोबा म्हणायचे, ते खरं का?

टेपडेक
रविवार, दुपारी १.००

खरं आहे. १९६३ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने ताफा दौऱ्यावर पाठवला होता. दमास्कस, काबूल, मग भारत. दिल्लीत एलिंग्टन आजारी पडून रुग्णालयात होता. मुंबईतही वाजवलं. गोन्साल्विस बरोबर होता. दौरा नोव्हेंबरात तुर्कस्तानात असताना केनेडींची हत्या झाली आणि तिथेच थांबवला गेला. त्या प्रवासातून ‘फार ईस्ट स्वीट’ ही रचना झाली, रेकॉर्ड १९६७ ची. त्यातला एक तुकडा दिल्लीत स्ट्रेहॉर्नच्या खोलीबाहेर ओरडणाऱ्या साळुंकीवर बांधलेला आहे. क्लॅरिनेट तिची शीळ घालते. मला तो फार आवडतो.

कोमल_निषाद
रविवार, दुपारी २.४५

सांजधून, काल तुम्ही म्हणालात म्हणून सोळा-सतराच्या जागा पुन्हा ऐकल्या. अर्ध्या मात्रेचं सरकणं आहे, खरंच आहे. मी स्वर शोधत होतो आणि तो लयीत बसला होता. अन्यायाचं मत मात्र कायम ठेवतो.

आणि तुमच्या साथीच्या मुद्द्याला एक भर. गोन्साल्विस मे १९७४ मध्ये लंडनमध्ये वारला. एलिंग्टन तेव्हा न्यूयॉर्कच्या रुग्णालयात शेवटच्या आजारात होता. धक्का सोसणार नाही म्हणून घरच्यांनी त्याला सांगितलंच नाही. २४ मे ला तोही गेला. दोघांत जेमतेम दहा दिवसांचं अंतर. चोवीस वर्षं एकाने वाजवलं आणि दुसऱ्याने हात काढून घेत त्याला जागा दिली.

सांजधून
रविवार, दुपारी ३.३०

हे वाचून काही वेळ काही लिहिता आलं नाही.

सनईपत्ती
रविवार, रात्री ९.१०

नेहमी फक्त वाचतो, आज पहिल्यांदाच लिहितोय. माझे बाबा मिरजेकडे लग्नाच्या ब्रास बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, बत्तीस वर्षं. वरातीत तीन-तीन तास चालत वाजवलेलं आहे. दमा लागल्यापासून क्लॅरिनेटची पेटी बंद आहे. जॅझ हा शब्द त्यांना माहीत, पण ऐकलं कधी नाही.

आज दुपारी चहाच्या वेळी त्यांना हा तुकडा लावून दिला. आधी नुसते ऐकत होते. टेनर सुरू झालं तसे पुढे सरकून बसले. थोड्या वेळाने म्हणाले, हा श्वास कुठे घेतोय ते कळेना. मग परत लावायला सांगितलं. मी ताईंचा हिशेब सांगितला, ४८ मात्रा, २७ आवर्तनं, आणि दोघं बोटं धरून मोजायला बसलो.

माझी २६ भरली. लोकांच्या ओरडण्यात एक कुठेतरी सुटलं. ताई, ते नेमकं कुठे सुटतं?

सांजधून
रविवार, रात्री ९.४०

सनईपत्ती, बाबांना माझा नमस्कार सांगा. माझंही तिथेच सुटायचं. टाळ्यांचा जोर वाढतो तिथे आवर्तनाचं तोंड झाकलं जातं. टेनरकडे बघत मोजलं की चुकतं, कारण तो समेला मुद्दाम पुढे ढकलतो. खाली बघा. बाबांची किती भरली?

सनईपत्ती
रविवार, रात्री ९.५५

बाबांची २७. पहिल्याच खेपेला. कसं जमलं विचारलं तर म्हणाले, मी बासवाल्याचा हात धरून चाललो होतो.